पहिल्या तासाची साधने : धूळपाटी ते क्लिकर

मराठीत कोणत्याही कार्याच्या आरंभाला ‘ओनामा’ म्हणतात. हा शब्द आला तो मुलाच्या शिक्षणाच्या पहिल्या दिवसातून. पंतोजींच्या शाळेत मुलाला बसविले की प्रथम श्रीगणेशाला वंदन आणि त्यामागोमाग ‘ॐ नमः सिद्धम्’ हे पद म्हणवून व गिरवून घेतले जाई. बोलीत त्याचा ओनामा झाला. राष्ट्रकूटांच्या काळाचे इतिहासकार डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी या पदाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. सिद्धांना केलेले हे वंदन मूळचे जैन परंपरेतले. मध्ययुगीन दक्षिणेत सामान्यजनांचे शिक्षण फार मोठ्या प्रमाणावर जैन गुरूंच्या हाती असले पाहिजे, म्हणूनच पुढे जैन धर्माचा प्रभाव ओसरल्यावरही इतर समाजांतील मुलांच्या तोंडी हे पद टिकून राहिले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या ओनाम्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. त्या दिवसाचे साधन होते धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तीवर बोटाने किंवा काडीने अक्षर उमटवायचे. गुरुजी मुलाचा हात हाती धरीत, पण अक्षर उमटे ते मुलाच्या बोटाने. चुकले तर हात फिरवून पाटी पुन्हा कोरी. शिक्षणाच्या पहिल्याच घटकेला विद्यार्थ्याच्या हातून काहीतरी घडत असे, ही त्या साध्या साधनाची खूबी होती.

महाविद्यालयातील पहिला दिवस याच्या अगदी उलट असतो. हजेरी, अभ्यासक्रमाची रूपरेषा, पुस्तकांची यादी, परीक्षेचे नियम, आणि उरलेला वेळ प्राध्यापकांचे भाषण. शंभर-सव्वाशे मुले-मुली नुसती ऐकत असतात. त्यांत एखादा लहान गावातून कोल्हापूर-सांगलीस किंवा पुण्यास आलेला, वसतिगृहात उतरलेला, घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा पहिलाच असतो. मराठी माध्यमातून आलेल्या त्या मुलाला प्रश्न पडतो, पण तो विचारायचा कोणत्या भाषेत, हेच त्याला उमगत नाही. पहिला तास मुका गेला की दुसराही तसाच जातो, आणि पुढे तीन वर्षे गप्प बसणे हा त्याचा स्वभावच होऊन बसतो. ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. गेली दोनशे वर्षे देशोदेशीचे अध्यापक आपापल्या काळातील नवी साधने वर्गात आणून तिच्यावर तोड शोधीत आले आहेत. त्या साधनांचा इतिहास चाळला की त्यांत दोन जाती स्पष्ट दिसतात. एक दाखविणारी आणि दुसरी विचारणारी.

धूळपाटीनेच समुद्रापार मजल मारली होती. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल हे धर्मोपदेशक मद्रासच्या एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाचे प्रमुख झाले. तेथे स्थानिक शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहून त्यांनी ती रीत आपल्या आश्रमात आणली आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे अशी व्यवस्था लावली. १७९७ मध्ये लंडनहून त्यांनी या प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती इंग्लंडातील असंख्य शाळांत रूढ झाली. एका मुलाने दुसऱ्यास शिकविण्याची ही कल्पना जवळजवळ दोनशे वर्षांनी हार्वर्डच्या व्याख्यानगृहात निराळ्या रूपात प्रकटली. त्याकडे पुढे वळायचे आहे.

उच्च शिक्षणात मात्र खरी क्रांती केली ती काळ्या फळ्याने. आज फळ्याला कोणी तंत्रज्ञान म्हणणार नाही, पण एके काळी तो नवलाचाच पदार्थ होता. अमेरिकेत वेस्ट पॉइंट येथे १८०१ मध्ये जॉर्ज बॅरन या गणिताच्या शिक्षकाने मोठा फळा वापरला, हा त्या देशातील त्याचा आरंभीचा उपयोग मानला जातो. तेथील लष्करी अकादमीत पुढे अशी परंपरा पडली की फळ्यापाशी केवळ शिक्षकच नव्हे, तर विद्यार्थीही उभा राहील आणि सर्वांदेखत उत्तर मांडील. म्हणजे फळा हे तेव्हा विचारणारे साधन होते.

आणि विचारणारे साधन विद्यार्थ्यांना नेहमी आवडतेच असे नाही. येल महाविद्यालयात १८३० मध्ये जे घडले ते मोठे उद्बोधक आहे. शंकुच्छेदाच्या भूमितीत तोवर विद्यार्थी पुस्तकातील आकृतीकडे बघत उत्तर देत. नव्या नियमाप्रमाणे त्यांनी स्वतः फळ्यावर आकृती काढून प्रमेय सांगायचे होते. विद्यार्थ्यांनी साफ नकार दिला. व्यवस्थापनही हटेना. अखेर ९६ जणांच्या त्या वर्गातील ४३ विद्यार्थ्यांना महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले. साधन चांगले असले तरी ते विद्यार्थ्याला विश्वासात न घेता त्याच्यावर लादले तर काय होते, याचा हा पुरावा इतक्या जुन्या काळातला आहे.

पुढच्या शतकात जोर धरला तो दाखविणाऱ्या साधनांनी. जादूचा कंदील, म्हणजे काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडण्याचे यंत्र, युरोपातील व्याख्यानगृहांत स्थिरावला होता. आपल्याकडे कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने त्याचे हलत्या चित्रांचे खेळ करून लोकांना थक्क केले, ही हकिकत चित्रपटाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. मग आला चलत्‌पट. थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये असे भाकीत केले होते की लवकरच शाळांतून पुस्तके नाहीशी होतील आणि सगळे शिक्षण डोळ्यांवाटे होईल. पुस्तके नाहीशी झाली नाहीत. अंधाऱ्या वर्गात मुले चित्रपट पाहत, ही गोष्ट खरी. त्यानंतर दिवे लागत आणि वर्ग जेथे होता तेथेच असे.

दूरचित्रवाणीच्या आगमनाने तीच आशा पुन्हा पालवली. १९६१ पासून अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या विमानतळावरून डीसी-६ जातीची विमाने उडत आणि इंडियाना राज्यावर सुमारे २३,००० फूट उंचीवर घिरट्या घालीत सहा राज्यांतील वर्गांना पाठ प्रक्षेपित करीत. उपग्रह हाती येण्यापूर्वीची ही धडपड आज अद्भुत वाटते. हेच काम उपग्रहाकडून व्हावे आणि तेही श्रीमंत देशाच्या शाळांसाठी नव्हे, तर भारतातील खेड्यांसाठी व्हावे, असे स्वप्न पाहिले ते डॉ. विक्रम साराभाई यांनी. अहमदाबादच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाच्या प्रयत्नांतून १९६९ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ संस्थेशी करार झाला. प्रयोग प्रत्यक्षात येण्यापूर्वीच, डिसेंबर १९७१ मध्ये, त्यांचे निधन झाले. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहामार्फत कार्यक्रम पोहोचले.

महाविद्यालयांसाठी हे दार उघडले १५ ऑगस्ट १९८४ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या देशव्यापी वर्गाने. १९६१ ते १९७३ या काळात ज्या आयोगाचे अध्यक्षपद उदयपूरच्या जैन घराण्यातील डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी भूषविले होते, तोच हा आयोग. दूरदर्शनवरून प्रसारित होणारे हे पाठ तयार करणाऱ्या केंद्रांत पुणे विद्यापीठातील केंद्रही होते. लहान गावातील ज्या महाविद्यालयांत धड प्रयोगशाळाही नव्हती, तेथील विद्यार्थ्यांना उत्तम अध्यापक व उत्तम प्रयोग पाहायला मिळावेत हा त्यामागील हेतू थोर होता, आणि काही कार्यक्रम खरोखर दर्जेदार होते. परंतु आरंभी ते मुख्यत्वे इंग्रजीत असत, आणि पडद्यावरील अध्यापकाला समोरच्या मुलाचा चेहरा दिसत नसे. सप्टेंबर २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला गेला, तेव्हा दोन्ही बाजूंनी संवाद करण्याची सोय आली. पण एका पडद्यासमोर अनेक गावांतील शेकडो विद्यार्थी असताना प्रश्न विचारायला हात वर करणारा निघे विरळाच.

विचारणाऱ्या यंत्रांचा वंश याहून वेगळा आहे आणि तो बराच काळ अंधारात राहिला. ओहायो स्टेट विद्यापीठातील सिडनी प्रेसी यांनी १९२४ मध्ये एक छोटे यंत्र मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात मांडले. प्रश्न दिसे, चार पर्यायांपैकी एकाची कळ दाबायची, आणि उत्तर बरोबर असल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नसे. व्यापारी दृष्ट्या ते चालले नाही. हार्वर्डचे बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले. आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना तत्काळ कळत नाही, ही गोष्ट त्यांना खटकली आणि त्यातून त्यांचे अध्यापनयंत्र निघाले. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही संगणकावरील अध्यापनव्यवस्था सुरू केली. या सर्वांत विद्यार्थ्याला उत्तर द्यावे लागे, परंतु तो एकटा असे. यंत्र आणि तो. वर्ग मात्र हरवला होता.

वर्ग परत आणण्याचे काम त्या मानाने साध्या साधनाने केले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनफर्ड व कॉर्नेल येथे व्याख्यानगृहाच्या प्रत्येक आसनाला बटणे व तारा जोडून सर्वांची उत्तरे एकदम मिळविण्याचे प्रयोग झाले. कॉर्नेलचे भौतिकशास्त्रज्ञ राफाएल लिटाउअर यांनी स्वस्तात अशी यंत्रणा उभारली आणि १९७२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. कोणते बटण दाबावे याविषयी विद्यार्थी शेजाऱ्याशी तावातावाने चर्चा करू लागत. यंत्र बसविले होते उत्तरे मोजण्यासाठी, पण त्याने मुलांना बोलते केले. ही नोंद त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही.

पुढील टप्पा पहिल्या दिवसाशी थेट जोडलेला आहे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनीस यांनी १९८५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू होतानाच त्यांनी विद्यार्थ्यांना गती व बल यांविषयी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न घातले आणि सत्र संपल्यावर तीच परीक्षा पुन्हा घेतली. फरक थोडाच पडला होता. वर्गात येताना मुले कोरी पाटी घेऊन येत नाहीत. आपापल्या समजुती घेऊन येतात आणि उत्तम व्याख्यान ऐकूनही त्या हलत नाहीत, असे दिसून आले. १९९२ मध्ये हेस्टेनीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रश्नावली ‘फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी’ या नावाने सुधारून प्रसिद्ध केली.

हार्वर्डमध्ये १९८४ पासून शिकविणारे एरिक मझूर यांनी हेस्टेनीस यांचे लेखन १९९० मध्ये वाचले. विद्यार्थ्यांच्या पसंतीत त्यांची गणना उत्तम अध्यापकांत होत असे, तेव्हा आपल्या वर्गाची अशी गत नसणार अशी त्यांची खात्री होती. त्यांनी ती परीक्षा घेतली. जड मालमोटार आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर अधिक बल लावते, अशा धर्तीचे प्रश्न. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोन्ही बले सारखी, हे पाठ असलेली मुलेही मालमोटारीचे नाव लिहीत होती. एका विद्यार्थिनीने तर विचारले की उत्तर तुम्ही शिकविल्याप्रमाणे लिहू की मला वाटते त्याप्रमाणे? मझूर यांनी ही गोष्ट पुढे अनेक व्याख्यानांत स्वतःच सांगितली आहे. नावाजलेल्या अध्यापकाने आपल्या अपयशाचा पाढा असा जाहीरपणे वाचावा, हे विद्वानांच्या जगात दुर्मीळच म्हणायचे.

१९९१ पासून त्यांनी तासाची घडणच बदलली. थोडे विवेचन, मग पडद्यावर एक प्रश्न. प्रत्येकाने एक-दोन मिनिटे स्वतः विचार करून उत्तर नोंदवायचे. मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे. मग पुन्हा उत्तर नोंदवायचे. साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून दोन-तृतीयांशांपर्यंत विद्यार्थ्यांची उत्तरे बरोबर असतात तेव्हा ही चर्चा सर्वांत फलदायी ठरते. त्याहून कमी असतील तर विषय पुन्हा समजावायचा, अधिक असतील तर पुढे जायचे. शेजारी प्राध्यापकापेक्षा प्रभावी का ठरतो? मझूर यांचे म्हणणे असे की ज्याला गोष्ट नुकतीच उमगली आहे, त्याला आपण कोठे अडलो होतो हे आठवत असते. प्राध्यापकाला ते विसरून कित्येक वर्षे झालेली असतात. बेल यांच्या मद्रास पद्धतीत मोठा मुलगा लहानाकडून पाठ घोकून घेत असे. येथे दोघेही समान आणि दोघांनाही आपले म्हणणे सिद्ध करायचे, हा भेद महत्त्वाचा आहे.

पहिल्या दिवशी मझूर काय करीत, हे त्यांच्या १९९७ मधील पुस्तकात नमूद आहे. आपण पुस्तक वाचून दाखविणार नाही, हे ते प्रारंभीच सांगत. आणि एक प्रश्नावली वाटत. या विषयातून काय शिकण्याची आशा आहे, त्या ज्ञानाचे पुढे काय करणार, व्याख्यानांकडून आणि पुस्तकाकडून काय अपेक्षा आहे, यासाठी किती तास द्यावे लागतील असे वाटते. येलच्या व्यवस्थापनाने १८३० मध्ये हेच केले नव्हते.

आरंभी विद्यार्थी अ, ब, क, ड अशी अक्षरे छापलेली पुठ्ठ्याची कार्डे उचलून उत्तर दाखवीत. १९९३ मध्ये ‘क्लासटॉक’ ही तारांनी जोडलेली यंत्रणा आली. नंतर दूरचित्रवाणीच्या रिमोटसारखी अवरक्त किरणांची आणि २००० नंतर रेडिओलहरींवर चालणारी हातात मावणारी यंत्रे आली. त्यांनाच ‘क्लिकर’ हे नाव पडले. बुजऱ्या मुलाला यात मोठा आधार होता. हात वर करावा लागत नाही, इंग्रजी वाक्य जुळवावे लागत नाही, चूक झाली तरी नाव पुकारले जात नाही. पडद्यावर सर्व उत्तरांचा आलेख उमटतो आणि आपल्यासारखेच आणखी चाळीस जण चुकले आहेत, हे त्याला दिसते. म्हणून अनेक अध्यापक पहिल्या दिवशी बरोबर-चूक नसलेलेच प्रश्न घालतात. कोठून आलात, शाळेचे माध्यम कोणते, या विषयाची धास्ती वाटते काय.

या साऱ्याचा उपयोग होतो काय, याचे उत्तरही पहिल्या दिवसाच्या परीक्षेनेच दिले. इंडियाना विद्यापीठाचे रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे आरंभीचे व अखेरचे गुण ताडून पाहिले. पहिल्या दिवशी जे येत नव्हते, त्यापैकी नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्के आत्मसात झाले होते आणि विद्यार्थ्यांना बोलते करणाऱ्या वर्गांत ४८ टक्के.

यंत्र आले की त्याच्या पळवाटाही येतात. क्लिकरवरून हजेरी मोजली जाऊ लागताच मित्राचे यंत्र खिशात घालून त्याची हजेरी लावणारे निघाले. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका नामवंत महाविद्यालयात साठांहून अधिक विद्यार्थी अशा प्रकरणात सापडले. विषय होता क्रीडा, नीती आणि धर्म!

यंत्राचा वाटा नेमका किती, हेही तपासले गेले. कॅनडातील नथॅनिएल लासरी यांनी एका वर्गाला क्लिकर आणि दुसऱ्या वर्गाला पुठ्ठ्याची कार्डे देऊन तीच पद्धत राबविली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दोन्ही वर्गांच्या शिकण्यात फरक पडला नाही. अध्यापकाला उत्तरे मोजणे सोपे गेले, एवढेच. मोजक्या अनुदानावर महाविद्यालय चालविणाऱ्या आपल्याकडील संस्थांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवण्याजोगा आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनीही २०१३ मध्ये संगणक प्रणाली शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी स्वतः विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सर्वांसमोर मांडणी, अशी तेथील रीत होती. त्या वेळात बहुसंख्य विद्यार्थी खरोखर गुंतलेले आढळले.

याच सुमारास क्लिकरची गरजही संपत आली. ‘काहूट’, ‘मेंटीमीटर’ यांसारख्या सोयींमुळे प्रत्येकाच्या खिशातील मोबाईल हेच उत्तर देण्याचे साधन झाले. मग २०२० मध्ये करोनाच्या साथीने वर्गच बंद पडले आणि महाराष्ट्रातील प्रथम वर्षाच्या मुलांचा पहिला दिवस मोबाईलच्या पडद्यावर उजाडला. हजेरी लागे, अध्यापक बोलत, समोर काळ्या चौकटींत नावे दिसत. कोकणात आणि सह्याद्रीच्या वाड्या-वस्त्यांवर मुले लहर पकडण्यासाठी टेकडीवर जाऊन बसत. एका घरात एकच मोबाईल आणि शिकणारी भावंडे तीन, अशीही कुटुंबे होती. काही जिद्दी अध्यापकांनी तेथेही प्रश्न घालून, मते मागवून, चौघा-चौघांचे गट पाडून वर्ग जागा ठेवला. पुष्कळ ठिकाणी मात्र तास ऐकण्यापुरताच राहिला. राज्यातील महाविद्यालये ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडली. बाकावर आपल्या शेजारी बसणारा कोण, हे त्या तुकडीतील कित्येकांना कळले ते दुसऱ्या वर्षी.